डाक आवृत्ती

साडेदहाला डाक आवृत्ती सोडायची असते.
नऊपासून पेठ, कळवण, नांदगाव, सुरगाणा
माझ्या टेबलावर येऊन पडतात,
प्रिंटरमधून निघालेले, अजून कोमट.
सातपूरच्या या पत्र्याच्या इमारतीत
खाली मशीन, वर मी,
लाल रिफिल, आणि साय धरलेला चहा.

माझं काम दिसलं, तर ते चुकलेलं असतं.

आज पंचवटीत 'खुणाचा गुन्हा' दाखल झाला होता,
मी तो खुनाचा केला.
'दिनदुबळ्यां'ची वेलांटी दीर्घ केली;
माझ्याकडून त्यांना एवढीच मदत.
गंगापूर धरणातून बातमीदारानं
पन्नास हजार क्युसेक सोडलं होतं,
मी फोन करून एक शून्य काढलं
आणि भांडीबाजार माल न हलवता झोपला.
त्यांना हे कधी कळणार नाही.
लासलगावचा कांदा तेवढा मला वाढवता आला नाही.
तिथला आकडा बरोबर होता.

सुरगाण्याहून तेव्हा मोतीराम महाले लिहायचे,
हातानं, फॅक्सनं, कडेच्या ओळी अर्ध्या खाल्लेल्या.
त्यांच्या कॉपीत पानी यायचं, लोनी यायचं,
कोनी कोनाला काय म्हनालं ते यायचं.
मी सगळ्यांना ण देत जायचे,
शाळेत गणवेश वाटावा तसा.
एका रात्री सोळा न होते आणि सात मिनिटं.
सोळाही फिरवले.
सोळावा निधन वार्तेत होता.

चौथ्या दिवशी ड्यूटीवर आले
तर जिन्यात एक माणूस बसलेला.
लहानू भोये. सकाळच्या एसटीनं निघालेला,
सीबीएसपासून विचारत विचारत पोचलेला.
खिशातून कात्रण काढलं, चार घड्यांचं,
मांडीवर सरळ केलं.
"आमची माय रानू," म्हणाला,
"ही रानू नाय."

दोन्ही वेळा मला रानूच ऐकू आलं.
फरक त्याच्या बोटाखाली होता.

"रानात जलमली, म्हनून रानू.
उभ्या जन्मात नाव एकदा छापून आलं,
आन ते दुसरीचं."

मी नियम सांगायला तोंड उघडलं,
आणि पाणी हवं का, एवढंच विचारलं.
तो रागावला असता तर बरं झालं असतं.
त्यानं पाणी घेतलं, तांब्या परत दिला,
पाच वाजताची गाडी आहे म्हणाला.

मोजाड साहेब म्हणाले, एका अक्षराचा कसला खुलासा?
शहरात कोण ओळखतं त्या बाईला?
मी म्हटलं, शहर आवृत्तीत नकोच.
डाकमध्ये घ्या. पान सहा, टेंडरच्या खाली, तीन ओळी.
निसारनं टाइप केलं. मी तपासलं. परत काढायला लावलं,
परत तपासलं, उलटीकडून, ई बा नू रा,
तांदूळ निवडावेत तसं.
'रानूबाई असे वाचावे.'
वाचलं असेल का कोणी, माहीत नाही.
लहानू भोये पुन्हा आला नाही.
ही चांगली बातमी आहे, असं मी धरून चालते.

आमच्यात एक खूण असते:
खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची,
म्हणजे, आहे तसं राहू द्या.
बावीस वर्षांत ती मी फारशी वापरली नव्हती.

आता महाल्यांचा मुलगा मोबाइलवरून पाठवतो.
पानी अजून येतं, मी अजून पाणी करते,
पगार त्याचाच आहे.
पण नाव आलं की हात थांबतो.
सुरगाण्याला फोन लावते,
रात्री दहाला तिकडं रेंज नसते,
रिंग जाते, जात राहते,
खालून निसार ओरडतो, ताई, पान!

मी नावाखाली टिंबं देते.
एक, दोन, तीन.
खाली गाडीचं दार आपटतं.